तुमना शब्द बाकी शे

२०२० सालची आखाजी २६ एप्रिलला आली आणि तशीच निघून गेली. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो, पण ती नुसती तिथी नाही. पितरांची घागर भरायची, सांजोऱ्या तळायच्या, निंबाला झोका बांधायचा आणि सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी येऊन त्या झोक्यावर गाणी म्हणायची. त्या वर्षी टाळेबंदीला महिना होऊन गेला होता. सुरत-भुसावळ लाइनीवर प्रवासी गाडी नाही, एसटी नाही. माझं सासर अमळनेर, माहेर साक्री तालुक्यात. मधे जेमतेम नव्वद-शंभर किलोमीटर, पण जिल्ह्याची हद्द ओलांडू कोण देतंय! आई फोनवर एवढंच म्हणाली, "यंदा झोका रिकामा शे."

त्या रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. बहिणी, मावसबहिणी, वर्गमैत्रिणी, नाशिक-कल्याणला नोकरीला गेलेले भाऊ, सुरतेला उधन्यात कापडाच्या कारखान्यात लागलेले दोघे-तिघे. एकूण ३१ जण. अट एकच घातली. इथे अहिराणीतच बोलायचं आणि विसरत चाललेला एखादा शब्द आठवला तर टाकायचा.

अटीमागे माझी एक जुनी टोचणी होती. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेची प्रगणक म्हणून दारोदार फिरले. ओट्यावरची म्हातारी माझ्याशी घडघड अहिराणीत बोलायची आणि मातृभाषेच्या रकान्याशी आलं की तिचा मुलगा आतून ओरडायचा, "मराठी लिहा मॅडम." मी लिहायची. माझ्या स्वतःच्या घराच्या कागदावरही मराठीच लागली. पुढे आकडे आले तेव्हा अहिराणी ज्यात धरतात त्या खानदेशीची नोंद देशभरात १८ लाख ६० हजारांच्या आसपास निघाली. त्यात मी नाही.

ग्रुप भराभर वाढला, कारण तेव्हा सगळ्यांकडेच वेळ होता. आणि मी काय केलं, तर शाळा भरवली. रोज सकाळी सातला 'आजचा शब्द', अर्थ, वाक्यात उपयोग. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, काबर म्हणजे कशासाठी. खाली अंगठे पडायचे. "खूप छान मॅडम." अंगठे मोजून मी खूश. ऑगस्टात शाळेचं ऑनलाइनचं काम अंगावर आलं आणि चार दिवस माझ्याकडून शब्द गेला नाही. एकानेही विचारलं नाही. पाचव्या दिवशी कुणीतरी दव पडलेल्या गुलाबाचं 'शुभ सकाळ' टाकलं, त्याखाली आणखी सात शुभ सकाळी उगवल्या, आणि मग ठिबकच्या नळ्यांची जाहिरात. वावराकडे चार दिवस फिरकलं नाही की काय माजतं, ते माहीत असूनही मी चकित झाले.

चिडून वहीत मोजदाद केली. सदस्य २१४. महिन्याभरात एक ओळ तरी लिहिलेले २३. त्यातला निम्म्याहून जास्त मजकूर पाच जणांचा, आणि त्या पाचांत मी. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला सांगितलं तर तो हसला. "मावशी, सगळीकडे हेच. वेबसाइटींचा अभ्यासक जेकब नील्सनने २००६ मध्येच लिहून ठेवलंय. शंभरातले नव्वद बघे, नऊ अधूनमधून बोलणारे, आणि एक जण गाडा ओढणारा." माझं समाधान व्हावं म्हणून तो सांगत होता. मला उलट राग आला. माझ्या वर्गातल्या चाळीसपैकी छत्तीस पोरांनी तोंड उघडलं नसतं तर केंद्रप्रमुखांनी नील्सनचं नाव ऐकून घेतलं असतं का?

त्यानेच आणखी एक सांगितलं, ते मात्र डोक्यात राहिलं. मेयर आणि अ‍ॅलन या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये नोकरीच्या जागेबद्दल मांडलेलं. माणूस तीन प्रकारे बांधला जातो. राहावंसं वाटतं म्हणून, राहायला हवं असं मनाला वाटतं म्हणून, आणि सोडलं तर फार गमवावं लागेल म्हणून. मी म्हटलं, याला कागद कशाला, कोणतीही सासुरवाशीण क्रमवार सांगेल. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपला तिसरं कारण लागूच नाही. बाहेर पडायला बोटाचं एक टोक पुरतं, आणि बाहेर न पडताही आवाज बंद करून ठेवता येतो. तसे किती जण असतील, ते माझ्या वहीला कळत नव्हतं.

गाडी फिरली ती एका चुंबळीने. माळा आवरताना सासूबाईंची जुनी चुंबळ सापडली, डोक्यावर घागर ठेवायची ती. माहेरी तिला नेमकं काय म्हणायचे, ते मला आठवेना. फोटो काढला आणि पहिल्यांदाच अर्थ न देता टाकला, "तुमना गावले येले काय म्हनतस?" संध्याकाळपर्यंत ६३ उत्तरं! कुणी चुंबय, कुणी चोंबय, कुणी भलतंच. जिचं नाव मी ग्रुपात कधी वाचलं नव्हतं अशा एका ताईने बोलून पाठवलं की आमच्या विहिरीला एकवीस पायऱ्या होत्या आणि मला सगळ्या पाठ आहेत. कल्याणच्या एका दादानेही आवाज पाठवला. त्याची आई जुन्या लुगड्याचीच चुंबळ करायची, नव्या कापडाची घागर सरकते म्हणायची. मी शिकवायला बसले होते तोवर लोक ऐकायला बसले होते. मलाच येत नाही म्हटल्यावर त्यांना बोलणं भाग पडलं.

'आजचा शब्द' मी बंद केला. दर सोमवारी एक फोटो आणि एकच प्रश्न, आणि तो फोटो मी टाकायचा नाही. पाळी लावली, गावात दूध घालायची असते तशी. तीन आठवड्यांनी आपला सोमवार आहे म्हटल्यावर माणसं तीन आठवडे आधीपासून आईला फोन करायला लागली. पुरणपोळीचं खापर आलं, बिबडे वाळत घालायची खाट आली, जात्याचा खुंटा आला. कुणाचा सोमवार चुकला तर मी ओरडत नसे, पण मंगळवारी दुसरं कुणीतरी विचारायचंच, "काय भो, सोमवार खाई टाका का?"

वही चाळताना आणखी एक गोष्ट दिसली होती. पहिल्यांदाच काही लिहिलेल्या ज्या चौदा जणांना कुणी उत्तर दिलं नव्हतं, त्यांतले अकरा पुन्हा कधी लिहायला आले नाहीत. म्हणून दोन जणींना गुपचूप सांगून ठेवलं की नवीन माणसाचा पहिला मजकूर कोरडा जाऊ द्यायचा नाही. अंगठा चालणार नाही, प्रश्न विचारा. "हे तुमना आजीना शब्द शे का?" एवढा पुरे. घरी आलेल्याला आपण पाणी देतोच ना.

टायपिंगचा त्रास वेगळाच. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, आणि फोनचा कीबोर्ड आपल्यापेक्षा शहाणा. 'डोया' लिहिलं की त्याचा 'डोळा' करतो. एका दादाने वैतागून लिहिलं, "ह्या फोन माले मराठी शिकाडी राहिना." तेव्हापासून आवाज पाठवायची मुभा दिली आणि ग्रुप निम्मा कानाने चालायला लागला.

भांडणंही झाली. पहिलं 'आहे'ला 'शे' म्हणायचं की 'से' यावरून. शे म्हणणारे से म्हणणाऱ्यांना बाटलेले समजत आणि उलटंही. दुसरं मोठं, बहिणाबाई चौधरींवरून. कुणीतरी सहज लिहिलं, आपल्या अहिराणीच्या बहिणाबाई. यावलकडचे एक नाना उसळले. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. तुम्ही आमचं सगळंच गिळता. नानांचं खरं होतं. पण ते ज्या सुरात बोलले त्याने चार जण दुखावले, आणि चौघांच्या उत्तरांनी नाना. दोन दिवस रात्री बारापर्यंत फटाके. माझा हात दोनदा 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील'च्या बटणापाशी गेला. ते दाबलं नाही, हे मी माझं सगळ्यात मोठं काम समजते.

तोडगा नंदुरबारच्या एका वहिनीने काढला. शब्दासोबत आपलं गाव लिहायचं आणि तो कुणाच्या तोंडचा ते लिहायचं. बस्स. 'से' बरोबर की चूक हा प्रश्नच उरला नाही. अमुक गाव, आजीच्या तोंडचं 'से'. नानांनी त्या दिवसापासून लेवा बोलीचे शब्द गावासकट टाकायला सुरुवात केली आणि आजवर सगळ्यात जास्त शब्द त्यांचे आहेत. शब्दांची सामायिक वही, म्हणजे गूगल शीट, तिथूनच सुरू झाली. आपल्या आजीचं नाव तिच्या गावासकट त्या रकान्यात पाहिलं की लोक त्याचा स्क्रीनशॉट नातेवाइकांना पाठवायचे. शुद्ध-अशुद्ध ठरवायला मी बसले असते तर ही वही दोनशे शब्दांत आटोपली असती.

बायांचं मात्र मला उशिरा कळलं. ग्रुपात निम्म्या बाया, पण शब्द टाकणारे बहुतेक पुरुष. बाया मला एकटीला पाठवायच्या, "मॅडम तुम्हीच टाका." मी टाकायची, खाली त्यांचं गाव लिहायची आणि मदत केल्याचं समाधान मिळवायची. मग एकीने खरं सांगितलं. ग्रुपात एकदा लिहिल्यावर एका सदस्याने तिला रात्री साडेअकराला खाजगीत 'हाय' पाठवलं होतं. नवऱ्याने फोन पाहिला, चार दिवस घरात धुसफुस. मी त्या गृहस्थांना विचारलं, मग काढून टाकलं, आणि का काढलं ते सगळ्यांसमोर लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून बायांचे शब्द थेट यायला लागले असं नाही. दीडेक महिना लागला. मी मधली पोस्टमन असणं थांबवलं, एवढंच माझ्याकडून झालं. कुणी खाजगीत शब्द पाठवला की मी उलट लिहायची, "हे तुमनं शे, तुम्हीच टाका, मी बाजूले बठेल शे."

आता सांगते ती माझी चूक. त्या वेळी ग्रुपात २५६ जणांचीच सोय होती. २०२१ च्या जानेवारीत आम्ही भरलो आणि बाहेर तीसेक जण वाट पाहत होते. मी वही काढली. सहा महिन्यांत एक अक्षरही न लिहिलेले ३४ जण शोधले आणि एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पटापट काढून टाकले. हिशोबी माणसासारखं बरं वाटलं.

रात्री नऊला फोन. उधन्याहून, म्हातारा आवाज. "बेटा, माले काबर काढी टाकं? मी काय करं?" मी गडबडले. म्हटलं, आबा, तुम्ही कधी काही बोलत नाही ना. "माले लिव्हता येत नही. पण मी रोज आयकस ना." मग नातू फोनवर आला. आबांची नजर गेलेली. रोज जेवण झालं की खाटेवर बसून नातवाला दिवसभराचे सगळे आवाज लावायला सांगायचे. एखाद्या सोमवारी काही आलं नाही तर दोनदा विचारायचे. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे शून्य होतं.

त्याच रात्री सगळ्यांना परत घेतलं. दोघींनी मात्र नाकारलं. "एकदा काढलं ना, राहू द्या." त्यांचंही बरोबर आहे.

त्या वर्षी श्रावणात कानबाई देवीच्या सणाला माहेरी गेले. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. आमच्याकडे तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. आई मोजत होती आणि नावं घेत होती. सुरतेला असलेल्या भावाची मूठ, त्याच्या मुलाची मूठ, सहा वर्षांत एकदाही कानबाईला न आलेल्या काकाच्या मुलाचीही मूठ. मी म्हटलं, तो तर येतही नाही. आई म्हणाली, "येत नही म्हनीसन मूठ सोडतस का?" मी सुपाकडे बघत बसले. ३४ मुठी मी सुपातून बाहेर टाकल्या होत्या.

हे मी ग्रुपात लिहिलं आणि वाटलं, चांगलं काही लिहिलं. पहिलं उत्तर चोपड्याच्या एका ताईचं. "मॅडम, आमनी मूठ काबर नही?" खरंच की. मुठी पुरुषांच्या. पीठ दळणाऱ्या, रोट करणाऱ्या आम्ही, आणि सुपात आम्ही नाही. त्यावर जी चर्चा झाली ती शब्दांपेक्षा भारी होती, पण ती इथे सांगत बसत नाही. एवढं ठरलं की दर वर्षी कानबाईच्या रविवारी ग्रुपात प्रत्येकाने, बाई असो बाप्या, फक्त आपल्या गावाचं नाव लिहायचं. दुसरं काही नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावाने दुसऱ्याने लिहायचं. पहिल्या वर्षी २०९ गावं आली. आबांची मूठ नातवाने टाकली. पुढे २०२२ मध्ये मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. आम्ही तीनशेच्या पुढे कधी गेलोच नाही, जाऊही दिलं नाही.

त्याच साली सप्टेंबरात एका चांगल्या, जुन्या सदस्याने मुलं पळवणाऱ्या टोळीचा फोटो पुढे ढकलला, 'सावधान' लिहून. मी तो उडवला. सगळ्यांसाठी उडवायची सोय अ‍ॅडमिनला तेव्हा नुकतीच मिळाली होती. दादा रागावले. "काळजीने टाकलं होतं, मी काय चोर आहे?" आणि बाहेर पडले. मी उत्तर जुळवत बसले होते, तोवर पिंपळनेरकडच्या एका आप्पांचा आवाज आला. राईनपाडा त्यांच्याच तालुक्यातलं, माझ्याही. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. असल्याच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षुकी करत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकाच वेळी पाचांपलीकडे संदेश ढकलता येऊ नये अशी सोय केली ती त्याच महिन्यात. आप्पांनी आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले, त्या बाजारात मीही नेहमी जायचो, आणि आता कुणी अनोळखी भिक्षेकरी दारात आला की मीच घाबरतो, त्याच्यासाठी. मग त्यांनीच सुचवलं की दुसरीकडून आलेलं काही इथे टाकायचंच नाही, ते देवाचं असो की डॉक्टरचं. जे टाकायचं ते स्वतःच्या तोंडचं. हाच नियम मी दोन वर्षांपूर्वी सांगून पाहिला होता. माझा कुणी पाळला नव्हता, आप्पांचा आजवर पाळतात. बाहेर पडलेले दादा आठवड्याभराने परत आले आणि काहीच न बोलता एक शब्द टाकला, गावासकट.

२०२४ च्या फेब्रुवारीत ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या अमळनेरला प्रताप महाविद्यालयात झालं, २ ते ४ तारखेला. त्या निमित्ताने पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. ३८ जण आले. माझ्या गच्चीवर भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. गंमत अशी की समोरासमोर आल्यावर पहिली दहा मिनिटं सगळे शुद्ध मराठीत बोलत होते! "आपण कुठून आलात?" "प्रवास कसा झाला?" चार वर्षं अहिराणीत भांडलेली माणसं ताटं घेऊन पाहुण्यासारखी उभी. आबा नातवाला धरून आले होते. त्यांना दिसत नाही आणि बाकीच्यांनी त्यांचा आवाज कधी ऐकलेला नाही. पण त्यांनी सगळ्यांचे आवाज ऐकलेले. कुणीतरी पाणी मागितलं, त्याबरोबर आबांनी मान वळवली. "तू एकईस पायरीसवाली ना?" मग एकेकाला त्यांनी आवाजावरून ओळखलं. यावलच्या नानांना म्हणाले, "तू भलता भांडस रे बा." गच्ची हसली आणि त्यानंतर शुद्ध मराठी संपली.

त्या सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. एकोणीस दिवस फोन हातात धरवेना. घरच्यांनी तो बंद करून कपाटात ठेवला होता. बरी झाल्यावर उघडला तर ग्रुपात चौदाशेच्या वर संदेश साचलेले. मी मागून वाचत गेले. तीनही सोमवार पार पडले होते. एक नवीन माणूस आला होता आणि त्याचा पहिला शब्द कोरडा गेला नव्हता. शीट सुरतेच्या एका ताईने सांभाळली होती, आणि तिने माझे रकाने मोडून शब्दाच्या आधी गावाचं नाव आणलं होतं. मी असते तर करू दिलं नसतं. तसं ते जास्त चांगलं दिसत होतं. मी कुठे आहे, हे विचारायची आठवण लोकांना सहाव्या दिवशी झाली. खोटं कशाला बोलू, थोडं टोचलं.

सगळ्यात खाली, त्याच सकाळचा, त्या सुरतच्या ताईचाच संदेश माझ्या नावाने होता. मधल्या काळात माझी पाळी येऊन गेली होती, ते माझ्या लक्षातही नव्हतं.

"मॅडम, तब्येत कशी शे? तुमना सोमवारना शब्द बाकी शे."